गोपिकेची कणीक

गोपिका कणीक भिजवायला बसली की आतून कडी लावायची, आणि हे पंचफुलाबाईंना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यांच्या घरात सुनेचीही सासूसमोर दार लोटायची छाती नव्हती. आणि ही, त्यांच्याच मंडळातली, त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीतून त्यांनाच बाहेर ठेवायची!

मंडळ म्हणजे वस्तीतल्या मोजक्या बाया. लग्नाकार्याला लांब रोट्या करून द्यायच्या. मडकं पालथं घालून खाली जाळ, आणि वर दोन्ही हातांवर झुलवून झुलवून धोतरासारखी पातळ केलेली रोटी. झुलवणं सगळ्यांना येई. पण कणीकच बिघडली तर झुलवणारीनं काय करावं? रोटी कोपरापर्यंत येता येता फाटायची. न फाटणारी कणीक एकट्या गोपिकेची.

आता गोपिकेच्या मुलाला सावनेरकडच्या कोळसा खाणीत नोकरी लागली होती. चार दिवसांत ती चालली. आणि त्यापुढंच रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडचं लग्न पंचफुलाबाई घेऊन बसल्या होत्या. शब्द दिलेला. दिलेला शब्द गिळायची सवय त्यांना नव्हती.

पाणी किती, म्हणून बायांनी गोपिकेला विचारून पाहिलं. तिनं एकदा दीड गडवा सांगितलं, एकदा दोन. नववी शिकलेल्या सुमतीनं ते पाटीवर लिहिलं, त्याबरहुकूम केलं, तर कणीक परातीत लोळण घेऊन पडली.

"लपवून राहिली," बाया म्हणाल्या. "गुण गाठोड्यात बांधून चालली सावनेरले."

पंचफुलाबाई उठल्या. गोपिकेनं कडी लावायच्या आत खोलीत शिरून तिच्यासमोर पाट टाकून बसल्या. बाकीच्या दारात दाटल्या.

"भिजव. आम्ही पाहतो."

गोपिकेनं भिजवली, मळली, उंडा ताणून पाहिला. तुटला. गोपिकेचा उंडा!

"काहून वं?"

"तुम्ही पाहून राहिल्या तं हात बावरते, काकी. अन् मले खरंच सांगता येत नाही. गहू कधी रेशनचा, कधी वावरातला. तो मांगन तेवढं पाणी पेते. मधातच कोणी विचारलं, का आता काय केलं, तं हात थांबते अन् सारं बिघडते. कडी त्याच्याचसाठी."

पंचफुलाबाईंना हे पटेना. येतं पण सांगता येत नाही, असं कुठं असतं काय?

दारातून सुमती म्हणाली, "काकी, काल मी मळून राहिली होती तं ह्या जाता जाता म्हणाल्या, 'पोरी, कणीक गुदमरून राहिली, उचल तिले.' बरोबर काय ते सांगता येत नसन, पण चूक त्यांले लगेच दिसते."

म्हणजे आता चुकणारी हवी. कुणी पुढं होईना. पंचफुलाबाईंसमोर चुकायचं म्हणजे वर्षभर टोमणे खायचे. ते त्यांनाही कळलं. जन्मात कुणाकडून 'चुकलं' ऐकून न घेतलेल्या त्या बाईनं बांगड्या मागं सारल्या आणि परात ओढली.

पहिल्या मुठीलाच गोपिकेनं कपाळाला हात लावला. "काकी, चिखल तुडवून राहिल्या का तुम्ही? वरून दाबू नका, खालून उचला."

दारात पदर तोंडाशी गेले.

"एकदम पाणी नका पाजू, शिंपडा. हां. आता आपटा."

"कुठवर?"

"आवाज फिरेपर्यंत. आता धप्प येऊन राहिला. चटाक आला पाहिजे."

हे बोलून गोपिका स्वतःच थबकली. आपण आवाज ऐकतो, हे तिलाही आताच कळत होतं.

मग एकेक बाई बसत गेली. प्रत्येकीची चूक निराळी, म्हणून प्रत्येकीपायी गोपिकेच्या तोंडून नवं काहीतरी निघे. सुमतीनं पाटीवरचं माप पुसून तिथं 'धप्प नाही, चटाक' लिहिलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ते तोंडपाठ केलं. दुसऱ्या दिवशी गोपिका मुद्दाम अंगणात बसली, तर आतून मंडळातलीच कवडूची बायको सुमतीवर खेकसली, "अवं, धप्प येऊन राहिलं ना तुह्यं!"

सुमतीची रोटी कोपराच्या खाली उतरली, आणखी उतरली, आणि सबंध मडक्यावर पडली. पंचफुलाबाईंनी भाजलेल्या रोटीचा तुकडा तोडून गोपिकेच्या हातावर ठेवला. तिनं सावकाश चावला.

"माह्यासारखी नाही," गोपिका म्हणाली. "पण फाटली नाही."

"ऐक वं गोपिके," पंचफुलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तू चोट्टी नाही. पण शहाणीही नाही. एवढं घेऊन बसली होती अन् तुलेच पत्ता नव्हता. सावनेरले गेली का चार बाया जमव, अन् त्यांले पोटभर चुकू दे."