झाकून ठेवलेली शेगडी

मित्रांनो, मी गॅसची शेगडी आहे. दोन बर्नरची, स्टीलची, आता बरीच जुनी. माझं एक बटण तुटलं तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याच रंगाचं बसवलं, ते अजून तसंच आहे. जैनथजवळच्या एका खेड्यात, रेणुकाबाईंच्या स्वयंपाकघरात मी राहते. माझ्या आयुष्यात पुष्कळ चांगले दिवस आले. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ते माझ्या भीतीबद्दल.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवलं. आदिलाबादच्या दुकानातून रेणुकाबाईंचे यजमान उद्धवराव यांनी मला विकत घेतलं आणि बसच्या टपावर बांधून घरी आणलं. त्या दिवशी रेणुकाबाईंनी मला हळदीकुंकू वाहिलं. त्याआधी त्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काड्यांवर चूल पेटवायच्या. धुराने त्यांचे डोळे कायम लाल असत. माझी निळी आच पाहून त्या शेजारच्या वच्छलाबाईंना म्हणाल्या, "पाय व, धूर नाही का राख नाही." इतकं कौतुक माझं पुन्हा कोणी केलं नाही.

मग वर्षानुवर्षं मी राबले. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कापूस वेचायला आलेल्या बायांचा चहा. मुलगा देवानंद शिकला, मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरीला लागला आणि बायको रुपाला घेऊन तिकडेच राहू लागला. तीन वर्षांपूर्वी उद्धवराव वारले. देवानंदने आईला खूप आग्रह केला. त्या म्हणाल्या, "माह्ये हातपाय चालून राह्यले, तवर मी इथंच बरी." आणि खरोखरच त्यांचे हातपाय चालत होते. बिघडत होतं ते दुसरंच काही.

पहिल्यांदा दूध करपलं. पातेलं माझ्यावर ठेवून त्या अंगणात तूर निवडायला गेल्या आणि दूध विसरून गेल्या. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, पातेलं काळं पडलं. असं कोणाच्याही हातून होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण त्या परत आल्या तेव्हा पातेल्याकडे अशा बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कोणी तिथे ठेवलं होतं. त्यांनी ते पुष्कळ घासलं. डाग निघेना, तेव्हा इकडेतिकडे पाहून त्यांनी पातेलं आतल्या खोलीत खाटेखाली सरकवलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी चरकलं. जळलेलं भांडं लपवायचं कशाला?

त्या उन्हाळ्यात खाटेखाली चार भांडी जमा झाली. वरणात दोनदा मीठ पडायचं. रक्तदाबाच्या सकाळच्या गोळ्या माझ्याशेजारी फळीवर तशाच राहायच्या.

मग ती दुपार आली. रेणुकाबाईंनी चहाला आधण ठेवलं आणि माझं बटण फिरवलं. लायटर दोनदा टिचकला, पण ठिणगी पडली नाही. बटण तसंच सुरू ठेवून त्या काड्यापेटी आणायला आतल्या खोलीत गेल्या. तिथे गेल्यावर आपण काय घ्यायला आलो, हेच त्या विसरल्या असाव्यात. खाट वाजली. त्या आडव्या झाल्या होत्या.

माझ्यातून गॅस फुसफुसत बाहेर येत राहिला. खिडकी बंद होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. ज्या बाईने मला इतकी वर्षं पुसून जपलं, तिचा जीव माझ्याच हातून जाणार, असं मला वाटलं. त्या उठतील, काड्यापेटी त्यांना आठवेल, त्या काडी ओढतील. एवढा एकच विचार माझ्यात फिरत होता. आतून खाट पुन्हा वाजली. पावलं जवळ येऊ लागली. दारात रेणुकाबाई उभ्या राहिल्या, हातात काड्यापेटी होती.

"काडी ओढू नोको!"

मागच्या दाराने वच्छलाबाई अंबाडीची जुडी घेऊन आल्या होत्या; गॅसचा वास त्यांना दारातच आला होता. जुडी टाकून त्यांनी माझं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि रेणुकाबाईंच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली. दोघी अंगणात जाऊन बसल्या. उघड्या दारातून त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"देवानंदले फोन करतो मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नोको व माय. तुह्या पाया पडतो. तो मले घेऊन जाईन. तिथं मी कोणाले ओळखत नाही."

 शेवटी वच्छलाबाईंनी, कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. मैत्रिणीवरच्या मायेने त्या गप्प राहिल्या, पण त्या दिवशी मला त्यांच्या गप्प राहण्याची फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाईंनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि मला झाकून टाकलं. त्यानंतर त्या माझ्याजवळ फिरकल्याच नाहीत. भूक लागली की डब्यातून मूठभर मुरमुरे घेत. वच्छलाबाई कधी भाकर आणून देत, त्या दिवशी पोटभर जेवत. देवानंदचा फोन मात्र रोज यायचा.

"जेवली का माय?"

"हाव. वांग्याची भाजी केली व्हती."

त्या झाकणाखाली मी हे ऐकत होते. ती भाजी माझ्यावर कधी शिजलीच नव्हती. रोज नवी भाजी, रोज नवी भाकर, सगळं फक्त तोंडाने सांगितलेलं. त्यांच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या.

सिलिंडर देवानंदच्या फोनवरून नोंदवला जाई. पाच महिने झाले तरी दुसरा लागला नाही. रुपाशी बोलताना तो कौतुकाने म्हणाला, "पाय, माय गॅस किती जपून वापरून राह्यली." रुपा हसली नाही. ती म्हणाली, "एकट्या बाईले बी दोन वेळा चूल लागतेच. मले वाटते, त्या रांधतच नसतीन." हे बोलणं तिनेच पुढे घरी कामाला येऊ लागलेल्या गयाबाईंना माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मला कळलं.

लगेच पुढच्या रविवारी ती दोघं न सांगता आली. चहा ठेवायला म्हणून रुपा स्वयंपाकघरात आली आणि तिने माझ्यावरचं लुगडं उचललं. माझ्या बर्नरमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. तिने फळीवरची गोळ्यांची न फोडलेली पाकिटं पाहिली. मग आतल्या खोलीच्या दारातून तिला खाटेखालची काळी भांडी दिसली; ती तिने एकेक काढून माझ्यापुढे आणून ठेवली.

रेणुकाबाई लगबगीने आल्या. "तू बस, मी ठेवतो चा." त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांचा हात एका बटणाकडे गेला, मग दुसऱ्याकडे, मग तसाच हवेत थांबला.

"माय, काऊन सांगतलं नाही?" देवानंदचा आवाज चढला. "इतकं होऊन बी काऊन लपवून ठेवलं?"

"सांगतलं असतं तर तू मले नेलं असतं," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "देवानंद, मले माह्याच हाताचं भेव लागते."

देवानंद भांड्यांजवळ जमिनीवरच बसला. रुपाने सासूचा तो थांबलेला हात हातात घेतला आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमाले कोणी नेत नाही. पण एकटं बी ठेवत नाही."

दोन दिवसांनी आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासलं. हा विसरण्याचा आजार आहे, तो वाढत जाईल, आता रोज घरात सोबत हवी, असं ते म्हणाले. म्हणून गल्लीतल्या गयाबाई सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. त्या रांधतात, गोळ्या हातावर देतात, रेणुकाबाई न्हाणीत गेल्या की दाराशी उभ्या राहतात आणि जाताना रेग्युलेटर काढून सोबत नेतात. दुपारी वच्छलाबाई येऊन बसतात. आता काही झालं तर त्या स्वतःच देवानंदला फोन करतात. देवानंद आणि रुपा महिन्यातून दोनदा येतात. पुढे हेही पुरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल ते रेणुकाबाईंच्या समोर बसूनच बोलतात.

माझी भीती पूर्ण गेलेली नाही. परवा रेणुकाबाई पाटावर बसून अंबाडीची पानं तोडत होत्या. माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "गया, हे शेगडी कोणाची व?"

"तुमचीच हाय, माय."

"असं का? मंग पुसून ठेव. चांगली हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी, गावी, शेजारी कोणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल. फोनवर "जेवलात का?" एवढंच विचारून थांबू नका. जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसा. आज काय शिजलं ते पाहा, गोळ्या घेतल्या का ते पाहा, बांगड्या सैल झाल्या का ते पाहा. काही वेगळं दिसलं तर घरातल्या मोठ्यांना सांगा. त्या म्हाताऱ्या माणसाने सांगू नको म्हटलं तरी सांगा. फक्त रागावू नका. ती माणसं तुमच्याही आधीपासून घाबरलेली असतात.