नमन झाल्यावर

मी कराडची संयोगिता. आपल्या भागात स्वतःच्या हिमतीवर गाणारे-वाजवणारे लोक शोधायचे आणि त्यांच्यावर इंटरनेटवर लिहायचं, हा माझा उद्योग. इस्लामपूरच्या कॉलेजातल्या पोरांचा कानठळ्या बसवणारा मेटल बँड झाला, रॅप करणारा एक टेम्पोवाला झाला, असे अकरा झाले. बारावा मल्हार. प्रश्न विचारण्यात मी पटाईत, ऐकण्यात मात्र ठार बहिरी, असं आई म्हणते. आमचं त्यावरून रोज वाजतं.

मल्हार आटपाडीकडचा, चाळिशीतला, धनगरी ओव्या गाणारा. ढोलावर त्याचे चुलते हरिबा. इलेक्ट्रिक गिटारवर कुपवाडचा शिवतेज, जो दिवसा लेथ चालवतो आणि वर्कशॉपवरच्या खोलीत स्टुडिओ थाटून बसलाय. चार वर्षं या तिघांनी जत्रा गाजवल्या, पण धड रेकॉर्डिंग एकही नाही. लोकांनी मोबाईलवर घेतलेले तुकडे आहेत, त्यांत मल्हारपेक्षा शिट्ट्याच जास्त. करू की पुढच्या महिन्यात, असं म्हणत दिवस गेले आणि मल्हारच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते.

डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. मल्हारनं हात जोडून एक वेळ मागून घेतली. त्याची आई मेंढरांमागं कोकणात चालत जायची, तिच्यावर त्यानं स्वतः बांधलेली अर्ध्या तासाची ओवी होती. अजून कुठं गायली नव्हती. "राणी सहा वर्साची हाय माझी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाप कसा गात हुता ते तिच्याजवळ ऱ्हायला पायजे. बाकी काय न्हाई."

शनिवारी दुपारी आम्ही चौघं स्टुडिओत जमलो. चहा पिताना मी हरिबांना प्रश्न विचारून भंडावलं. ते म्हणाले, "नमन म्हटलं की देव येऊन बसत्यात, बाई. मग त्यास्नी वाटंला लावल्याबिगर उठायचं न्हाई. घर पेटलं तरी न्हाई." वाक्य मला फार आवडलं. मी ते वहीत उतरवलं आणि खाली रेघही मारली.

शिवतेजनं माइक लावला आणि आवाजाचा अंदाज घ्यायला मल्हारला एक-दोन-तीन म्हणायला सांगितलं. तिथं मी शहाणपणा केला. म्हटलं, "आकडे काय म्हणायचे? दादा, सुरुवातीच्या दोन ओळीच म्हणा की."

मल्हारनं हरिबांकडं बघितलं. त्यांनी ढोल जवळ ओढला. मल्हारनं कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि नमन सुरू केलं. पहिली ओळ संपते न संपते तोच वीज गेली. कॉम्प्युटर बंद, गिटार मुकी. ढोल मात्र थांबला नाही आणि मल्हारही नाही.

"दादा, थांबा, आवाज राखून ठेवा," मी म्हटलं. हरिबांनी वाजवता वाजवताच मान हलवली. शिवतेज शेजारच्या वर्कशॉपमधून जनरेटर आणायला खाली पळाला. मी उजेडासाठी दार सताड उघडलं आणि फोन काढला.

सबस्टेशनचा नंबर लागला. तिथल्या माणसाला मी जिन्यात उभी राहून असं झापलं की विचारू नका. माझं तोंड सुरू झालं की आवरत नाही. त्यानं मला होल्डवर ठेवलं. मी फोन स्पीकरवर टाकून पुढ्यात धरला आणि दारात येऊन थांबले. मल्हारनं एकदाच डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, मान डोलावली आणि आवाज एकदम चढवला. भिंती हादरल्या. मला त्याचा रागच आला. तालमीतच गळा फाडतोय, मग खरं गाणार कधी? तेवढ्यात पलीकडून "हॅलो" आलं आणि मी पुन्हा भांडायला जिन्यात गेले.

वर ढोल थांबला, तशी वीज आली. शिवतेज जनरेटर खालीच सोडून धापा टाकत माझ्यामागून चढून आला, खुर्चीत बसला आणि त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. बैल गेला नि झोपा केला.

"हं, दादा," तो म्हणाला.

मल्हारनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. पाणी प्यायला, पुन्हा उघडलं, तरी हवाच. घाम गळ्यावरून ओघळत होता. हरिबांनी ढोलावर हात पालथा ठेवला. "झालं," ते म्हणाले. "देव गेलं घरला. आता काय ऱ्हायलंय?"

माझा तोल सुटला. परवा ज्याचा गळा कापणार होते, त्या माणसावर मी ओरडले. "वीज नव्हती, दिसत नव्हतं का तुम्हाला? हळू तरी गायचं. सगळं वाया घालवलंत."

तो रागावला नाही. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकले, तेव्हा कुजबुज ऐकू आली.

"आवं ताई, वाया कशानं? देव आल्यावर थांबता येत न्हाई, म्हणून आदी दबकत गात हुतो. मग तुमी दारात फोन धरून हुब्या दिसला. म्हटलं, मशीन गेली तर जाऊ दे, ताई घेत्यात. मग काय सुदीक राखलं न्हाई."

त्यानं हात पुढं केला. "ऐकवा की जरा. आन राणीच्या आईला पाठवा."

शिवतेज माझ्याकडं बघायला लागला. हरिबाही. फोन माझ्या हातातच होता, बोलून बोलून गरम झालेला. स्क्रीनवर सबस्टेशनचा नंबर होता आणि त्याखाली कॉलची सव्वीस मिनिटं.

मल्हारनं हात अजून पुढंच धरला होता.