तोंडात काय आहे

राजनकाकांनी काढलेलं काकूंचं चित्र पाहिलं की बायका आधी गप्प होत आणि मग म्हणत, "काय समाधान आहे हो चेहऱ्यावर." सगळ्या हेच म्हणत. मीही म्हटलं होतं. कॅनडातल्या मिसिसागात त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी, लेक केया कडेवर आणि बॅगा पायाशी असताना.

चित्रं घरभर होती. जिन्यात, जेवणघरात, खालच्या वॉशरूममध्ये टॉयलेट पेपरच्या वरसुद्धा. काही ट्यूलिपची, काही सरोवराच्या काठाची, एक त्यांच्या गेलेल्या कुत्र्याचं. बाकी सगळीकडे मृणालिनीकाकू. शाल बदले, पातळ बदले, मागची खिडकी बदले, चेहरा तोच. मान किंचित कललेली, ओठ मिटलेले, खालचा जरा पुढे आलेला, एक गाल थोडा भरल्यासारखा आणि नजर कुठेतरी आत लागलेली.

काका भूलतज्ज्ञ होते. सत्तरच्या दशकात नागपूरहून आले आणि इथल्याच एका हॉस्पिटलातून रिटायर झाले. "आयुष्यभर माणसं हलू नयेत एवढंच बघितलं," असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हसत. पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंची चित्रं, रिटायर झाल्यावर सुरू केली. शिकले नव्हते कुठे. "आवडतं ते काढतो," म्हणत, "आणि मला आवडतं ते घरातच आहे." यावर पाहुण्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत.

काकूंना विसरण्याचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवसभर घरात फिरत. नळ उघडत, कपाटं उघडत, बंद करत, पुन्हा उघडत. खाली आम्हाला डोक्यावर त्यांच्या सपाता सतत ऐकू येत. पण दुपारी काका मागच्या काचेच्या सनरूममध्ये रंग मांडून बसले की सपाता थांबत. याचं मंडळात फार कौतुक होतं. "माणूस सगळं विसरला तरी प्रेम विसरत नाही," वनिताताई म्हणायच्या. त्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांनी एकदा म्हटलेलं वाक्य मंडळात वर्षभर फिरे.

माझं काम त्याआधीचं. काकूंचे केस विंचरायचे, अंबाडा घालायचा, पदर नीट पिन करायचा, खुर्चीत बसवायचं आणि निघायचं. सनरूमचं काचेचं दार आतून पडदा ओढून बंद होई. "कोणी असलं की तिचं लक्ष जातं," काका म्हणत. मला ते बरंच होतं. त्या खोलीतली रंगाची पूड मला नको होती. कुठल्या रंगात कुठला धातू असतो ते मी फोनवर वाचून ठेवलं होतं. वरून आले की आधी तळपाय पुसायचे, मग केयाला घ्यायचं. तरी एकदा तिचं नाक साफ करताना निळा शेंबूड निघाला, आणि मी तो टिश्यू कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. त्यांच्याकडच्या वरणावरसुद्धा मला ती पूड दिसायची. काका वाटीभर वरण खाली पाठवत, आणि मी ते सिंकमध्ये ओतून वाटी घासून परत देई. "छान झालं होतं" म्हणून.

त्या उन्हाळ्यात काकूंचं वजन उतरलं. संध्याकाळी त्या ताट सरकवत. पोटावर हात दाबून, तोंड न उघडता, कण्हत. "या आजारात भूक जातेच," काका म्हणाले. एकदा त्यांचा रुमाल धुवायला घेतला तर त्यावर लालसर थुंकी वाळलेली.

"काका, काकूंच्या हिरड्यांतून रक्त येतंय."

त्यांनी रुमाल बघितलासुद्धा नाही. "रक्त नव्हे गं. रंग. या घरात नुसता श्वास घेतला तरी रंग लागतो."

ते डॉक्टर होते. मी रुमाल धुतला.

ऑक्टोबरमध्ये मंडळाने त्यांचं प्रदर्शन ठरवलं. 'सहजीवनाचे रंग' हे नाव वनिताताईंचं. चित्रं फ्रेम होऊन आली आणि दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना फेल्टच्या छोट्या गोल चकत्या चिकटवायच्या होत्या, हॉलच्या भिंतीला ओरखडे जाऊ नयेत म्हणून. ते काम माझ्याकडे आलं. केया गालिच्यावर खेळत होती. तीन वर्षांची होत आली होती, तोंड अखंड चालू. आणि मग एकदम ती गप्प झाली.

ही शांतता आयांना कळते. मी वळून बघितलं.

"केया, तोंडात काय आहे?"

"नथिंग," असं तिनं म्हटलं नाही, कारण म्हणता येत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले, खालचा पुढे, एक गाल फुगलेला, आणि डोळे आत, त्या चकतीकडे, जिभेनं ती कुठे आहे ते बघत. मी बोट घातलं. फेल्टची चकती लाळेच्या तारेसकट बाहेर आली.

मी ती फेकायला उठले आणि समोर बघितलं. भिंतीला टेकलेल्या काकूंपैकी कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मान कललेली, ओठ मिटलेले, खालचा जरा पुढे, एक गाल भरलेला.

मी केयाला उचललं आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंना बसवून मी गेल्यासारखं केलं आणि थोड्या वेळानं काचेचं दार सरकवलं. काका ईझलसमोर होते. काकू खुर्चीत शांत. त्यांचा जबडा अगदी हळू, रवंथ केल्यासारखा हलत होता, आणि ओठांच्या कोपऱ्यातून हिरवट लाळ हनुवटीपर्यंत उतरली होती. मांडीवरच्या मुठीत खडूचा उरलेला तुकडा.

"दार लाव," काका म्हणाले. "वाऱ्यानं पूड उडते."

"काका, काकूंच्या तोंडात खडू आहे."

"हो."

नुसतं हो. मला वाटलं होतं ते दचकतील, धावतील.

"लहान मुलांचे आहेत ते. नॉन-टॉक्सिक. डबा तिथे आहे, वाच हवं तर. माझे चांगले मी तिच्या हाताला लागू देत नाही."

"पण तुम्हीच देता?"

"अनुया, तू लहानपणी पाटीवरची पेन्सिल खायचीस की नाही? खरं सांग."

खायचे. कोण नाही खात.

"मग. हिला तर वेड होतं. नीलच्या वेळी डोहाळे लागले तेव्हा हिच्या आईनं भारतातून पेन्सिलींचं पार्सल पाठवलं होतं. आता ती मला ओळखत नाही, नीलला ओळखत नाही. पेन्सिल ओळखते." त्यांनी अंगठ्यानं कागदावरचा गाल पुसून मऊ केला. "एक दिली की तासभर सुखात बसते. तू केयाला इंजेक्शनच्या वेळी लॉलीपॉप देतेस ना?"

"ते एखाद्या वेळी असतं. रोज नसतं."

"हेही रोज नाही. रविवारी मी चित्र काढत नाही."

ते हे अगदी प्रेमानं बोलत होते. मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्याची. त्यांच्या नखांत हिरवा रंग होता आणि काकूंच्या दातांत हिरवा रंग होता आणि ते मला समजावत होते, एखाद्या पेशंटच्या नातेवाईकाला समजावावं तसं.

"त्यांचं पोट दुखतं, काका. त्या जेवत नाहीत."

"चेहरा बघ तिचा. दुखणाऱ्या माणसाचा आहे?"

रात्री नवऱ्याला, अनिशला, सांगितलं. तो मार्कहॅमच्या ऑफिसातून दोन तासांचा ट्रॅफिक खाऊन आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि भाकरी मोडत म्हणाला, "अनू, ते डॉक्टर आहेत. तू मायक्रोबायॉलॉजीवाली."

"तोंडात खडू आहे हे बघायला डिग्री लागत नाही."

"नाही लागत. पण विंटर तोंडावर आलाय, आणि आपण त्यांच्या घरात राहतो. त्यांच्या बायकोला काय द्यायचं हे आपण कसं सांगणार? नीलला सांगू हवं तर."

त्यांचा मुलगा नील किचनर शहरात राहायचा. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबांना कळतं ते. ही इज द डॉक्टर." आणि मग म्हणाला, थँक्स फॉर केअरिंग.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये कॅनडाला दीडशे वर्षं झाल्याच्या सोहळ्यातल्या लालपांढऱ्या झालरी अजून तशाच लटकत होत्या आणि त्यांच्याखाली काकूच काकू. बटाटेवड्याच्या तळणाचा वास होता. लोक एका हातात वड्याची प्लेट घेऊन चित्रासमोर उभे राहत, चावत, मान हलवत. "समाधान," असं मी मागून ऐकलं. पुन्हा पुढे ऐकलं. कोणीतरी मला म्हणालं, "तुम्ही भाग्यवान, या घरात राहता."

मग वनिताताईंनी माइक घेतला. "आता डॉक्टरसाहेब आपल्यासमोर प्रात्यक्षिक करणार आहेत. मॉडेल अर्थातच त्यांची लाडकी." टाळ्या. "आमच्याकडे तर इतक्या वर्षांत कोणी पासपोर्टचा फोटोसुद्धा नीट काढला नाही." हशा. वनिताताईंचे मिस्टर सगळ्यात मोठ्यानं हसले.

काकूंना मीच तयार केलं होतं. जांभळं पातळ, मोत्यांच्या कुड्या. खुर्चीत बसवलं तर त्या लगेच उठल्या. बसवलं, पुन्हा उठल्या, झालरीकडे बघत चालू लागल्या. लोक हळहळले. काका हसत म्हणाले, "थांबा, आमचं एक गुपित आहे," आणि त्यांच्याजवळ जाऊन, पाठ लोकांकडे करून, हातात काहीतरी ठेवलं. लाल होतं ते. मला दिसलं. काकूंचा हात तोंडाकडे गेला आणि काकू बसल्या. मान कलली. ओठ मिटले.

"बघा," मागून कोणीतरी कुजबुजलं. "नुसत्या स्पर्शानं."

माझ्या शेजारी अनिश केयाला घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलकेच मान हलवली. नको. मी त्याला दोन दिवसांपूर्वी म्हटलं होतं, काही बोलणार नाही. आणि बोललेही नाही मी. नुसती चालत पुढे गेले.

"जरा थांब अनुया," काका ईझलमागून म्हणाले. "रेषा लागली की मग पदर नीट कर."

मी काकूंच्या हनुवटीखाली हात धरला. "काकू, तोंडात काय आहे? थू करा. थू."

त्यांनी मान हलवली. केयासारखी. मी बोट घातलं. आत सगळं चिकट, खरखरीत होतं. त्यांनी चावलं, जोरात नाही, आणि मग सोडलं. माझ्या तळहातावर लाल लगदा पडला, लाळ आणि खडू आणि एक न मोडलेला तुकडा. जांभळ्या पातळावर थेंब पडले.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर पदर धरला. माझ्या हाताकडे बघून.

"रक्त आहे का?" वनिताताईंनी विचारलं. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलनं विचारल्यासारखं झालं.

"खडू आहे," मी म्हटलं. "हा दिल्यावर त्या बसतात. प्रत्येक चित्रात आहे. बघा ना गाल."

लोकांनी खरंच बघितलं. भिंतीकडे, मग काकूंकडे, पुन्हा भिंतीकडे. वडा चावणारे जबडे थांबले. काका खडू हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, लाजही नव्हती. पाहुण्यांसाठीचं तेच हसू होतं. "अनुया फार काळजी करते," ते म्हणाले. "नवीन आई आहे." दोघंतिघं हसली. बाकीची हसली नाहीत. काकू उठून माझ्या ओढणीला धरून चालू लागल्या होत्या.

वॉशरूममध्ये मी कडी लावली. पेपर टॉवेल ओला करून त्यांचं तोंड पुसलं. लाल निघालं. आत पुसलं तर त्याच्याखालून हिरवं निघालं, दाढांच्या मागून, किती दिवसांचं कोण जाणे. टॉवेल बदलत राहिले. काकू आरशात स्वतःकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या आणि मग त्यांनी तळहात पुढे केला.

"दे ना."

"नाही काकू."

"दे," त्या म्हणाल्या, आणि रडवेल्या होऊन दाराकडे वळल्या. मी धरलं तर हात झटकला, कडी खडखडवली. मी एकटी, हात रंगात, बाहेर सगळं मंडळ. त्या क्षणी माझ्याकडे एक खडू असता तर मी दिला असता का, हे मला माहीत नाही. मी पिशवीत हात घातला. केयाचं बिस्किट मिळालं. ते त्यांच्या हातात दिलं.

काकू थांबल्या. मान कलली, ओठ मिटले, गाल भरला. बाहेरच्या भिंतीवरचा तो सगळा चेहरा माझ्यासमोर, ट्यूबलाइटखाली. पण बिस्किट विरघळलं, त्यांनी गिळलं, आणि तोंड उघडलं. मोठ्ठं, केयासारखं, संपलं हे दाखवायला. लालहिरवी जीभ, दोन दात पडलेले. त्या जोरात ढेकर देऊन म्हणाल्या, "पाणी."

असं तोंड एकाही चित्रात नव्हतं.

दारावर टकटक झाली. "झालं का?" काकांचा आवाज. "लोक थांबलेत. तिला तशीच घेऊन ये, मी पाच मिनिटांत संपवतो."

मी ओंजळ नळाखाली धरली आणि काकूंच्या तोंडाशी नेली. बरंचसं सांडलं. त्यांनी पुन्हा मागितलं. मी पुन्हा भरली.

"अनुया?"

"काकू पाणी पितायत," मी म्हटलं, आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले.