साग कुणापुढे वाकले

रविवारची सकाळ होती आणि बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर माणूस मावत नव्हता. बदलापूरहून रिक्षा भरभरून येत होत्या. उल्हासनगरच्या कॅम्पातून एक शेठ गाडी घेऊन आले होते. ज्यांना पाय ठेवायला जागा मिळाली नाही ते शेताच्या बांधावर चढले होते, आणि सगळ्यांचे डोळे एका कॅमेऱ्यावर खिळले होते.

पाड्यावरच्या जनू शेतकऱ्याच्या खळ्यात, दोन जुन्या सागांच्या मधोमध, तेजोनेत्र बाबा पाटावर बसले होते. समोर त्यांचा शिष्य दिपेश, गळ्यात कॅमेरा अडकवून.

"माणूस खोटं बोलतो, यंत्र खोटं बोलत नाही," बाबा बोलले. "दिपेश, दाब."

दिपेशने बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले. दिपेशने कॅमेरा शेठजींच्या नाकासमोर धरला.

"साईं, ये तो बोल रहा है लेन्स ही नहीं है," शेठजी वाचून चाट पडले.

"ऐकलंत?" बाबांनी हात वर केला. "पुढे दिसते ती नुसती काचेची बांगडी. कॅमेरा तिला ओळखतसुद्धा नाही. म्हणजे यंत्र आज आंधळं आहे. आता त्याला डोळा देतो."

बाबांनी कॅमेऱ्यावर चिमूटभर अंगारा टाकला. दिपेशने तो उपरण्याने पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. मग उकिडवा बसला, कॅमेऱ्याचं तोंड वर केलं आणि बटण दाबलं. खटाक आवाज झाला.

दोन मिनिटांत फोटो ग्रुपवर आला आणि शंभर मोबाइल एकदम वाजले. फोटोत सगळं खळं मावलं होतं, बांधावरच्या माणसांसकट. बाबा मध्ये ताठ. आणि सागासारखी सरळसोट झाडं दोन्ही बाजूंनी वाकून त्यांच्या डोक्यावर मान झुकवत होती. बाबांच्या खांद्यामागून उगवत्या सूर्याला टोकदार किरणं फुटली होती, चित्रातल्या देवाला असतात तशी.

बायकांनी पदर पसरले. पुरुषांनी टोप्या काढल्या. जनूनेही काढली, आणि टोपी काढता काढता त्याला फोटोत स्वतःचं रूप दिसलं. तो अगदी कडेला उभा होता, आणि त्याचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबलेलं होतं.

"बाबा, हे असं कसं?" त्याने भीत भीत विचारलं.

बाबांनी फोटो पाहिला, मग जनूकडे पाहिलं. "ज्याची श्रद्धा वाकडी, त्याची छबी वाकडी. मन कशात तरी अडकलंय, जनूभाऊ. कशात अडकलंय?"

जनूने इकडेतिकडे पाहिलं. खरं तर त्याचं मन पायाखालच्या खळ्यात अडकलं होतं. बापाने ठेवलेली ती एकच सपाट जागा. दर वर्षी दिवाळी झाली की सगळा पाडा भाताचे भारे तिथेच आणून झोडायचा. भात आता पिवळं पडत आलं होतं, आणि बाबा नवरात्रात दोन दिवसांसाठी म्हणून टेकले होते ते अजून उठले नव्हते.

"खळ्यात," जनू बोलून गेला.

"मग तेच सोड. पुढच्या रविवारी दानाचा कागद तयार ठेवतो. तुला सही येते ना?"

इथे जनू फसला. सही हे जनूचं दुखणं होतं. आयुष्यभर अंगठा उठवणारा हा माणूस साठीला टेकल्यावर शाळेच्या ओट्यावर अक्षरं शिकला, आणि तेव्हापासून दिसेल तिथे सही करत सुटला. लग्नपत्रिकेच्या मागे सही, रेशन दुकानाच्या भिंतीवर सही. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या वहीतही त्याने मागून घेऊन सही केली होती. शंभर माणसांसमोर कोणी सही येते का विचारलं, तर जनू नाही कसा म्हणेल?

"येते तर," तो बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी बायको, गोदूबाई, तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी जनू आरशासमोर उभा राहून दोरीने डोकं मोजत होता, ते पाहून तिला राहवलं नाही.

"टोपी बसते ना डोक्यात?"

"बसते."

"जुनीच हाय ना?"

"जुनीच."

"मग डोकं कुठं वाढलं?"

जनूने विचार केला. "टोपी पण ताणली असल," तो बोलला. गोदूबाईने कपाळावर हात मारला आणि ती पुन्हा बोलायची बंद झाली.

शुक्रवारी जनू फोटो मोठा करून घ्यायला अंबरनाथला गेला. पश्चिमेला त्याच्या भाचीचा, शलाकाचा, फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, बारशी. तिने फोटो पाहिला आणि हसू दाबलं.

"मामा, दिपेशने ही लेन्स उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून घेतली असणार. माझ्याकडे हीच आहे. मॅन्युअल, सगळं हाताने फिरवायची, स्वस्तातली. छोट्या हॉलमध्ये सगळं वऱ्हाड एका फोटोत बसवायला वापरते."

"लेन्स नव्हती गो. कॅमेराच बोलला."

शलाकाने खणातून लेन्स काढली, आपल्या कॅमेऱ्याला बसवली आणि कॅमेरा मामाच्या हातात दिला. "दाबा."

जनूने दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर तेच दोन शब्द. जनूने कॅमेरा पटकन टेबलावर ठेवला. त्याला वाटलं, बाबा इथेही पोचले.

"बाबा नाहीत," शलाका बोलली. "महागड्या लेन्सला मागे धातूचे टिपके असतात, ती कॅमेऱ्याशी बोलते. ही मुकी आहे. नुसती काच आणि लोखंड. ही बोलत नाही म्हणून कॅमेऱ्याला वाटतं, पुढे कोणी नाहीच. तो रुसतो. मग त्याला सांगायचं, लेन्स नसली तरी फोटो काढ." तिने मेनू उघडला, एका ओळीवरचं 'बंद' 'चालू' केलं. "आता दाबा."

खटाक.

"पण अंगारा..." जनू पुटपुटला.

"अंगारा पुसताना दिपेशची बोटं कुठे होती, मामा?"

जनू स्टुलावर बसला. उपरणं, उपरण्याखालचा अंगठा, तो जास्तच वेळ पुसणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

मग शलाकाने त्याला स्वतःच्या हाताने लेन्सची कडी फिरवायला लावली. कडीवरचे आकडे जनूला वाचता येत होते. त्याने मोठ्या आवाजात वाचले, दोन, चार, आठ, सोळा. सोळावर कडी नेली की आतलं भोक टाचणीएवढं होतं आणि सूर्याला किरणं फुटतात. दुकानाच्या दारातून त्याने सूर्याचा फोटो काढला. किरणं फुटली. जनूकडे सिद्धी नव्हती, गुडघेदुखी होती, तरी फुटली. खाली बसून कॅमेऱ्याचं तोंड वर केलं तर समोरच्या इमारती एकमेकींकडे कलल्या. शेवटी शलाका कडेला उभी राहिली, आणि तिचं डोकं दुधी भोपळा झालं.

"इतकं रुंद दिसायचं तर कडेचं ताणलं जाणारच," ती बोलली. "मध्ये असतो तो सरळ. म्हणून बाबा मध्ये बसतात."

जनूने कॅमेरा शलाकाला परत दिला. मग बोलला, "साठीला शाळेत गेलो आणि अक्कल ओट्यावरच ठेवून आलो."

रविवारी गर्दी दुप्पट. बाबांनी कागद पुढे केला, दिपेशने पेन.

"आधी वाचतो," जनू बोलला.

"वाचत बसलास तर शुभ वेळ निघून जाईल."

"मला वेळ लागतो बाबा. उशिरा शिकलोय."

आणि जनू वाचायला बसला, एकेक अक्षर बोटाने दाबत. लोक चुळबुळ करू लागले. खळ्याबरोबर दोन्ही साग आणि त्याच्या जमिनीतून पाड्याला येणारी वाटही कागदात होती. ती ओळ त्याने दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने. बांधावरचे पाड्याचे लोक ऐकायला पुढे वाकले. ती वाट त्यांचीही होती.

"सहीच्या आधी एक फोटो," जनू बोलला. "माझ्या म्हशीचा."

गोदूबाईने म्हैस सागांच्या मधोमध आणून उभी केली. अंबरनाथहून आलेली शलाका उकिडवी बसली, तिने कॅमेऱ्याचं तोंड वर केलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. तिने कॅमेरा शेठजींना दाखवला.

"साईं, इसमें भी लेन्स नहीं है," शेठजी घाबरले.

जनूने गोदूबाईच्या चुलीतली चिमूटभर राख कॅमेऱ्यावर टाकली आणि घसा खाकरला. "यंत्र आज आंधळं हाय. आता त्याला डोळा देतो. फक्त माझ्या अंगठ्याकडं बघत राहा." त्याने सगळ्यांसमोर मेनू उघडला आणि 'बंद' 'चालू' केलं. "डोळा दिला."

खटाक.

मोबाइल वाजले. म्हैस मध्ये, ताठ, रवंथ करत. दोन्ही साग तिच्यापुढे वाकलेले. दोन शिंगांच्या मधोमध सूर्य, त्याला टोकदार किरणं. आणि कडेला शेठजी, दुधी भोपळा.

आधी एक बाई हसली, मग बांध हसला. शेठजी आपलं डोकं चाचपून पाहत होते.

"ही माया आहे," बाबा बोलले. "पशूवर कृपा केली मी."

तेव्हा गोदूबाई पुढे आली. "मग बाबा, तुम्ही एक डाव कडेला उभे राहा. एकच फोटो. तुमची श्रद्धा सरळ हाय, तुम्हाला कसली भीती?"

सगळे वाट बघू लागले. बाबांनी खळ्याच्या कडेकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, दिपेशकडे पाहिलं. दिपेश चपला शोधत होता.

बाबा कडेला उभे राहिले नाहीत. दुपारपर्यंत पाटही उचलला गेला.

दिवाळीनंतर खळं शेणाने सारवलं गेलं आणि पाड्याचं भात तिथेच झोडलं गेलं. म्हशीचा फोटो जनूने घराच्या ओट्यावर लावला, खाली सही करून. भारा टाकायला आलेला एखादा चुकून त्याला हात जोडतो. जनू हसत नाही. हसायचा त्याला अधिकार नाही, आपण काय मोजलं होतं ते त्याला ठाऊक आहे. तो त्या माणसाला कडेला नेतो, शलाकाकडून मागून आणलेली लेन्स डोळ्यासमोर धरायला लावतो आणि सांगतो:

"भाऊ, फोटोत कोण मोठं दिसतंय ते नंतर बघ. आधी विचार, त्याला मध्ये कोणी बसवलं आणि आपल्याला कडेला कोणी उभं केलं. विचारायला शाळा लागत नाय. मी शाळा शिकून पण विचारलं नव्हतं."