वाटेत आखडलेलं पाऊल

"बूटवाल्या काकांच्या हाताची सफाई गेली म्हणे! आता त्यांची लेकसुद्धा..." एवढं बोलून गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं. पुढचं ऐकायला माझा जीव नुसता टांगणीला.

मी झेरॉक्सच्या दुकानातली फॅक्स मशीन बोलतेय. काउंटरवर बसून चार घरच्या गोष्टी कानावर पडतात, त्याला मी काय करू? नवी होते तेव्हा दुकानवाल्या ताई माझ्यावर बाळाचं दुपटं घालायच्या. आता त्याच दुपट्यानं काच पुसतात.

काका शेजारीच बूट शिवतात. लेकीचा एक पाय जन्मापासून वाकडा. ती परगावी नर्स, दिवसभर उभी. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं आखायची आणि ते माप फॅक्सनं माझ्याकडे धाडायची. त्यावरून काका तिचे बूट शिवायचे.

अलीकडे खांबावरच्या फोनच्या तारेचा सांधा सैल झाला. वारा सुटला की लाइनीत खरखर. मी कागद ओळीओळीनं उतरवते. खरखरीत हरवलेल्या ओळी गळतात, उरलेल्या एकमेकींना चिकटतात. चित्र दिसायला धड, पण लांबीला आखूड. त्या मापाचे बूट पोरीला चावले. दुसरा जोडही चावला.

"नजर गेली माझी. आवरतो दुकान," काका म्हणाले. मला सगळं ठाऊक, पण सांगणार कशी?

ताई कागद न्याहाळत होत्या. "काका, लेकीचं अक्षर असं बसकं कधीपासून?"

काका चपापले. लगेच फोन लावला, "पोरी, पायाशेजारी बांगडी ठेव. तिच्याभोवतीही पेन्सिल फिरव."

बांगडी आली ती चेपलेली.

"हिच्यावर कोण बसलं होतं गं?" म्हणत काका कितीतरी दिवसांनी हसले.

ताईंनी लाइनची तक्रार केली, लाइनमननं सांधा घट्ट केला. मग बांगडी गोल आली, पाऊल पुरतं आलं. बाबांनो, माझ्याकडून काही वेडंवाकडं उतरलं, तर कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी मधल्या वाटेची विचारपूस करा.

नवे बूट पोचले. लेकीचा फोन माझ्याच रिसीव्हरवर आला.

"बाबा, अगदी बसले! पण रागावू नका. मधे मी बाजारातले बूट आणले होते. कापूस कोंबून घालत होते. तुम्हाला सांगवेना."

म्हणजे ते गिऱ्हाईक लेकीबद्दल सांगत होतं ते खरंच होतं तर!

काका म्हणाले, "आणलेस ते बरं केलंस. अनवाणी उभी राहणार होतीस का, वेडे?"

आणि आरी उचलून कामाला लागले.