पहिला दगड जागचा जागी

पापनाशमच्या धान खरेदी केंद्रावरून तिथलं काम पाहणाऱ्या नित्याने फोन केला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तिथं टोकन देणारा सर्व्हर मी तंजावुरात घरी बसून सांभाळते. त्याची डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली होती. तासाभरात टोकनं थांबणार. बाहेर तीनशे ट्रॉल्या भात घेऊन उघड्यावर उभ्या, आणि आभाळ भरून आलेलं.

"बंद मात्र करू नकोस अखिला. रांग मोडली तर मारामारी होईल," नित्या म्हणाली.

डिस्क मी वाढवून घेतली. पण नवी जागा शेवटी मोकळीच पडली होती. ती आमच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कवर आमच्यासाठी आखलेल्या भागाला, जोडायची होती, तेही सर्व्हर चालू ठेवून. सगळ्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर रोज रात्री निघते, तीत आधी आजची भर घातली. ती चुकूनमाकून लागलीच, तर परत चढवायला चार तास. तोवर भात भिजलं असतं.

शेजारी अप्पा येऊन बसले. माझ्या वडिलांनी, म्हणजे राममूर्तींनी, तेहतीस वर्षं सर्व्हे खात्यात ओरत्तनाडूकडची शेतं मोजली. आता निवृत्त आहेत, म्हणून माझं काम मोजतात.

"काय करतेस गे?"

"हद्द वाढवते अप्पा. जुनी नोंद पुसायची, मोठी मांडायची. आतला माल हलत नाही."

"पहिला दगड लिहून ठेविलास?"

पार्टिशन ज्या आकड्यापासून सुरू होतं, तो त्यांचा पहिला दगड. शेवटचा दगड खुशाल पुढं न्यावा, पहिला हलला की शेत हातचं गेलं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच राग आला.

"तुमची मोजणीची साखळी गेली अप्पा, तुमचे दगडही गेले. मला शिकवू नका."

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी स्क्रीनवरचा सुरुवातीचा आकडा लिहिला: २०६८४८. मी त्यावरच कॉफीचा टंब्लर ठेवला.

जुनी नोंद पुसली. नवीची सुरुवात कुठून, असं यंत्राने विचारलं आणि स्वतःच एक आकडा सुचवला. अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचायचं असतं. मी एंटर दाबलं. शेवटचा आकडाही दिला. नोंद पक्की करायला एकच अक्षर उरलं होतं.

अप्पांनी टंब्लर उचलून बाजूला ठेवला. "हे वेगळं दिसतं गे."

स्क्रीनवर २०४८ होतं. आमच्या पार्टिशनच्या आधी कुणीतरी कधीकाळी थोडी जागा मोकळी करून ठेवली होती. यंत्राने तिथलाच आकडा पुढं केला होता. पक्कं केलं नव्हतं, म्हणून काहीच बिघडलं नव्हतं. तशीच त्या प्रोग्रॅममधून बाहेर पडले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी अप्पा एकेक अंक वाचत होते, मी टाकत होते. नोंद पक्की केली, मग आतली फाइलसिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, नव्या हद्दीपर्यंत पसरवली. भरलेली जागा एक्केचाळीस टक्क्यांवर आली. टोकनं एकदाही थांबली नव्हती.

"एवढा वेळ का लागला?" नित्याने पुन्हा फोन करून विचारलं.

मी फोन स्पीकरवर टाकला.

"मी चुकत होते. अप्पांनी चूक पकडली."

अप्पांनी ओलसर पानाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.