पोपटांचा शर्ट

दर सुट्टीत काका-काकू त्याच समुद्रकिनारी यायचे आणि काका तोच शर्ट चढवायचे. छातीवर पोपट, पाठीवर पोपट, बाहीवर शिलाईत कापला गेलेला अर्धा पोपट. काकूंनी त्यावर जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. “अहो, लोक हसतात,” त्या म्हणायच्या. काका ढिम्म.

यंदा मात्र फॅशन फिरून आली. किनाऱ्यावरचा दर दुसरा पोरगा पोपट मिरवत हिंडत होता. काकांना मूठभर मांस चढलं. “बघ, मी मागे नव्हतोच. जगच रमतगमत येत होतं.”

संध्याकाळी काकू दोन आइस्क्रीम घेऊन परतल्या. पाठमोरे पोपट दिसताच त्या कडाडल्या, “किती वेळा सांगितलं, पोट आत घ्या.”

वळून पाहणारा कुणी परकाच तरुण होता. बिचाऱ्याने मुकाट्याने पोट आत घेतलं. पोपट झाला तो काकूंचाच.

खरे काका सापडेपर्यंत आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं होतं. इतक्या वर्षांत नवरा कधी शोधावाच लागला नव्हता, हे काकूंना तेव्हा उमगलं.

सकाळी त्यांनी बॅगेच्या तळातून एक साधा तपकिरी शर्ट काढला. त्या तो दरवर्षी आणायच्या आणि तो घडीही न मोडता परत जायचा.

“आज हा घाला.”

“अगं, आत्ता कुठे मी फॅशनमध्ये आलोय.”

“तिथे फार गर्दी आहे,” काकू बटणं लावत म्हणाल्या. “तुम्ही माझ्या नजरेत राहा.”